बांधापलीकडची सीताफळं

त्या साली कडा गावच्या शिवारातला ऊस कारखान्यापेक्षा चारा छावण्यांनाच जास्त गेला. पौष सरायच्या आत तोड संपली आणि मुकादमानं टोळीला मोकळं केलं. गहिनीनाथ आणि केसरबाई चिंचदऱ्याच्या फाट्यावर ट्रॅक्टरमधून उतरले तेव्हा ऊन कलत आलं होतं. केसरबाईनं आधी गाठोडी उतरवली, मग कोयते, मग पाण्याचं टिपाड आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याला हात दिला. गहिनीनाथ एकेक पाय चाचपत खाली आला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना दिवाळीनंतर त्याच्या कमरेत चमक भरली होती, ती अजून निघाली नव्हती. तेव्हापासून तो बसून उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या नुसत्या पेंढ्या बांधत होता. तोडणं आणि वाहणं केसरबाईच्या अंगावर पडलं होतं.

दोन्ही लेकी नांदायला गेल्या होत्या. घराला कुलूप होतं. कुलूप उघडून तिनं चूल सारवली, पाण्याला म्हणून हंडा घेऊन बाहेर पडली आणि वस्तीवरच्या आडात डोकावून तशीच परत आली. आडाच्या तळाला चिखलसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोंगराच्या उतरणीवर बागेत गेली. लग्न झाल्यापासून दर साली दसरा-दिवाळीला कोयता उचलायचा आणि चैत्राच्या तोंडाला परत यायचं, असं चालत आलं होतं. त्यामुळं पौषातली ही झडलेली बाग तिनं कधी पाहिलीच नव्हती. सगळी उतरण करडी दिसत होती. झाडावर एक पान नव्हतं. फांद्यांना गेल्या मोसमातली फळं काळी पडून, सुकून, खडखडीत होऊन लटकत होती. तिनं एक तोडलं. देठापाशी पांढरं पीठ साचलेलं होतं. बोटानं चोळलं तर पीठ चिकट लागलं. खोडाच्या सुटलेल्या सालीखाली तसलंच पीठ होतं आणि काळ्या मुंग्यांची एक ओळ मुळातून निघून सरळ त्या सालीत शिरत होती.

गेल्या मोसमात व्यापाऱ्यानं त्यांची क्रेट तोंडावर उघडून बघितली होती आणि पायानंच बाजूला सरकवली होती. "हे पिठ्या किडीनं खाल्लेलं कोण घेणार बाई? ढोराला घाला," म्हणाला होता. ढोरांनीही ती नुसती हुंगून सोडली होती.

---

शाळेपुढच्या लिंबाखाली सीताफळ सोसायटीची बैठक भरली. सोसायटीचा सचिव राधाकिशन पाली गावाकडचा होता. बोलायला साधा, पण एकच गोष्ट तीन तऱ्हेनं सांगायची त्याला सवय होती.

"पिठ्या पानावर दिसायला लागल्यावर फवारून काय उपयोग न्हाई," तो म्हणाला. "तवा त्याच्या अंगावर मेण असतं. औषध वरच्या वर घरंगळतं. आत्ता झाड झोपलेलं हाय. पिठ्या सालीत दडलाय, त्याची अंडी बुडापाशी मातीत हायेत. आत्ताच धरायचा. साल खरवडा, वाळली फळं जाळा, बुडं उकरून ऊन दाखवा. मंग खोडाला आन फांद्यांना माशाच्या तेलाचा साबण फवारा. आन बुंध्याला पट्टी बांधून वर ग्रीस लावा, म्हंजी मुंगी चढायची न्हाई. मुंगीच त्याला अंगाखांद्यावर नेती."

"प्यायला पाणी न्हाई आन झाडाला कुठून आणायचं?" त्रिंबकनं विचारलं. त्याची बाग ओढ्याच्या पलीकडं होती.

"पानं असताना फवारायचं म्हणलं तर टँकर लागंल. आता नुसतं लाकूड भिजवायचंय. म्हणून तर आत्ता."

पंप सोसायटीचा, साबण सोसायटीचा, पाळी लावून घ्यायचा. फक्त एक अट होती. उतरण पुरी झाली पाहिजे. मधलीच एखादी बाग तशीच ठेवली तर पिठ्या तिथून परत पसरणार, आणि मग सोसायटी त्या उतरणीचं फळ उचलणार नव्हती.

बैठक उठल्यावर राधाकिशन गहिनीनाथापाशी आला. "तुमच्या खालची बाग उत्तरेश्वरची ना?"

गहिनीनाथानं मान फिरवली. केसरबाईच म्हणाली, "व्हय. भाऊजी कर्नाटकात गेलेत टोळीसंगं. शिमग्याबिगर यायचे न्हाईत."

"मंग तुमच्याच्यानं त्येबी जमतंय का बगा. न्हाईतर तुमचं केलेलं पाण्यात."

गहिनीनाथ घरी आला. उंबऱ्यात टेकून त्यानं चप्पल काढली आणि म्हणाला, "मी बांधाच्या खाली पाय ठेवणार न्हाई."

बाप गेल्यावर उतरणीची वाटणी झाली, तेव्हा वरची बाग गहिनीनाथाला आणि खालची उत्तरेश्वरला आली. बांध घालायच्या वेळी झाडांची एक रांग कुणाकडं, यावरून दोघांची जुंपली. रांग गहिनीनाथाकडं आली. उत्तरेश्वर म्हणाला, थोरल्यानं रात्रीतून दगडं सरकवली. गहिनीनाथ म्हणाला, मी दगडाला हात लावला असंल तर माझा हात झडो. त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नव्हता. एकाच वाटेनं समोरासमोर आले तर दोघंही खाली बघून जायचे. जावा मात्र नवऱ्यांची पाठ वळली की बोलायच्या.

म्हणून गहिनीनाथ सोसायटीकडं पंपाची पाळी लावायला गेला तेव्हा केसरबाईनं मोबाईल काढला आणि उत्तरेश्वरच्या टोळीचा मुकादम शहादेव याला फोन लावला. छबुबाईला बोलवा म्हणाली. बऱ्याच वेळानं धापा टाकत छबूचा आवाज आला. मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

केसरबाईनं सगळं सांगितलं. पलीकडून नुसते कोयतेच ऐकू येत राहिले.

"छबू, हायेस का?"

"हाय जाऊबाई. ह्यांना इचारलं तर न्हाईच म्हणतील. दादाचं नाव काढलं की जेवत्या ताटावरून उठत्यात."

"मंग काय करू?"

"करा तुमी. माझ्या सांगण्यावरून करा. मी येळ बगून सांगते ह्यांना. तवर तुमी कुणापाशी बोलू नका. दादापाशी बी न्हाई."

"बरं," केसरबाई म्हणाली. "हात-पाय सांभाळून ऱ्हा."

---

पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. केसरबाई दोन हंडे घेऊन रांगेत उभी राहायची आणि ते पाणी घरातच वापरायची. तरीही बायका बोलल्याच.

"कावून गं केसर, वाळल्या लाकडाला पाणी पाजायलीस म्हणं?"

"टँकरचं न्हाई पाजत," ती म्हणाली.

ओढ्याच्या वळणावर वाळूत तिनं झिरा उकरला. कंबरभर खोल गेल्यावर ओल लागली. मग बसून राहायचं. पाणी वाळूतून घामासारखं सुटायचं. वाटीनं ते घागरीत भरायचं, जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळायचं, कारण कचरा गेला की पंपाचं तोंड तुंबतं. घागर भरायला उन्हं वर यायची. ती डोक्यावर घेऊन उतरण चढायची. चढताना ओठ घट्ट मिटलेले असायचे, तोंडातली ओलसुद्धा वाया जाऊ नये तसे.

गहिनीनाथ झाडाच्या बुडाशी पोतं अंथरून बसायचा आणि खुरप्यानं साल खरवडायचा. एक झाड झालं की हातावर रेटून, सरकत, दुसऱ्या झाडाकडं जायचा. उभं राहून, वाकून काम करणं त्याला जमत नव्हतं. साल निघाली की खाली चिकट, गुलाबीसर किडे उघडे पडायचे आणि ऊन लागताच हलायला लागायचे. तो त्यांना खुरप्याच्या पात्यानं चिरडायचा. वाळली फळं आणि सुकल्या फांद्या केसरबाई तोडून एका जागी जाळायची.

साबण घरात आला त्या दिवशी मात्र गहिनीनाथानं नाकाला उपरणं लावलं. त्याच्या गळ्यात माळ होती. घरात मासळी कधी शिजली नव्हती.

"ह्ये माशाचंच हाय का खरंच?"

"तेलाचं हाय. तुमाला खायला सांगितलंय का?"

तिनं बादलीत साबण विरघळवला. डबक्यावर मेलेल्या माशांचा येतो तसा वास सुटला. तो वास तिच्या लुगड्यात, केसांत, नखांत बसला. टँकरवर बायका नाकाला पदर लावून तिला जागा करून द्यायला लागल्या. केसरबाईला ते लागलं. पण हंडा मात्र लवकर भरायला लागला.

पंप पाठीवरचा होता. भरला की चांगला जड व्हायचा. पहिल्या दिवशी गहिनीनाथानं पट्टे खांद्यात अडकवले, उठायला गेला आणि गुडघ्यावर आला.  केसरबाईनं त्याच्या खांद्यातले पट्टे काढले आणि आपल्या पाठीवर पंप घेतला. एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातानं नळी धरायची. औषध पाठीवर झिरपून लुगडं कमरेपर्यंत भिजायचं. पट्ट्यांनी खांदे सोलले, तिथं तिनं चिंध्यांच्या घड्या घातल्या.

वाटेनं जाताना त्रिंबक थांबला. "काय बे गहिन्या, बायकोच्या पाठीवर पंप आन तू बुडाशी बसून! बरं हाय तुझं."

गहिनीनाथानं मान वर केली नाही. खुरपं एकाच जागी चालत राहिलं. तिथली साल केव्हाच निघाली होती, तरी तो खरवडत राहिला. त्रिंबक गेल्यावर केसरबाई म्हणाली, "म्होरलं झाड घ्या. ह्याला आता उघडं पाडताव का?"

तो जरासा हसला.

---

आपली बाग झाली. केसरबाईनं पंप पाठीवर घेतला, खुरपं कमरेला खोचलं आणि बांध ओलांडून खाली उतरली.

गहिनीनाथ बांधावरच बसला. "केसर, वर ये. नाहक झंझट व्हईल."

"व्हऊ द्या."

"त्याला इचारलंय का तू?"

 पंप खाली ठेवून ती पहिल्या झाडाशी उकिडवी बसली आणि साल खरवडायला लागली. मग उठून फळं तोडली. मग आळं उकरलं. मग पंप पाठीवर चढवायला बसली, उठली, फवारलं, पट्टी बांधली, ग्रीस लावलं. एका झाडाला एवढा वेळ गेला की वरच्या बागेत तेवढ्यात चार झाडं झाली असती. दुपारपर्यंत तिनं अर्धी रांगही केली नव्हती. दांडा मारताना ती मधेच हात बदलत होती. गहिनीनाथ बांधावर बसून सगळं बघत होता.

भाकरी खायला ती वर आली. तिनं भाकरी मोडून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं खाल्ली, पाणी प्याला आणि पोतं उचललं. बांधावर उलटा बसून त्यानं एक पाय खाली सोडला, मग दुसरा. भावाच्या जमिनीवर टेकताना त्याच्या कमरेतून कळ निघाली.

"कुठनं धरू?" त्यानं विचारलं.

"ह्या रांगेपासून."

उत्तरेश्वरच्या बागेत त्यांनी आपल्या बागेपेक्षा जास्त दिवस घालवले. तिथं कीड जास्त होती आणि झाडं दाट वाढलेली होती. मधल्या फांद्या काढाव्या लागल्या. निघालेलं सरपण केसरबाईनं भारे बांधून उत्तरेश्वरच्या दाराशी रचलं. आपल्या घरात त्यातली काडीसुद्धा नेली नाही. शेवटच्या झाडाला पट्टी बांधून झाली तेव्हा उतरणीवर सगळ्या बुंध्यांना काळ्या ग्रीसच्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या. मुंग्या पट्टीपर्यंत येत होत्या, थांबत होत्या, गोल फिरून परत खाली जात होत्या. केसरबाई ते कितीतरी वेळ बघत बसली.

---

शिमगा झाला आणि कर्नाटकातली टोळी परतली. ट्रॅक्टर फाट्यावरून वस्तीकडं वळला तेव्हा उत्तरेश्वर ट्रॉलीत उभा होता. त्याला वरूनच आपली बाग दिसली. बुंध्यांच्या पट्ट्या, उकरलेली आळी, विरळ झालेल्या फांद्या, सगळं एकदमच दिसलं. त्यानं ट्रॅक्टर थांबवायला लावला आणि उडी मारून तडक उतरणीवर गेला. मागोमाग टोळीतले दोघं-तिघं गेले. त्रिंबकही ओढ्याकडून आला. छबुबाई गाठोडं कमरेवर घेऊन तशीच धावली.

केसरबाई आणि गहिनीनाथ वरच्या बागेत होते.

"ह्यो कुणाचा उद्योग?" उत्तरेश्वर खालूनच ओरडला.

"फवारणी केली भाऊजी," केसरबाई बांधापाशी येऊन म्हणाली. "पिठ्यासाठी. सोसायटीनं सांगितलतं, सगळी उतरण..."

"सोसायटी सोडा. माझ्या झाडाला हात लावायला तुमाला कुणी सांगितलं?"

केसरबाईनं छबूकडं पाहिलं नाही. तिला माहीत होतं, एकदा नजर गेली की उत्तरेश्वर ती नजर पकडणार. ती बांधावरच्या दगडाकडं बघत उभी राहिली.  छबूनं गाठोडं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"बोला की! कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई," केसरबाई म्हणाली.

"आळी खांदली, फांद्या छाटल्या. उद्या म्हणताल कसतोय आमीच, वहिवाट आमची. चार वर्साखाली एक रांग खाल्ली, आता सगळी बाग गिळायचा इरादा हाय का?"

"उत्तऱ्या, तोंड सांभाळ," गहिनीनाथ म्हणाला. चार वर्षांत भावाशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द होता.

"न्हाई सांभाळत! मोजणी आणतो. सरकारी माणूस उभा करतो हितं."

असं म्हणून उत्तरेश्वरनं समोरच्या झाडाची पट्टी धरली आणि ओढली. सुतळी तुटली. मग दुसऱ्या झाडाची, मग तिसऱ्याची. एक रांग त्यानं पुरी फाडली. ग्रीसनं त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले, सदऱ्यावर डाग पडले. त्यानं हात झाडाला पुसले, मातीला पुसले, ते निघेनात. बघणाऱ्यांतलं कुणीतरी हसलं. त्याला वाटलं आपल्यालाच हसले. तो पट्ट्या तिथंच टाकून घराकडं निघून गेला.

केसरबाई खाली बसली. गहिनीनाथ तिच्याजवळ येऊन टेकला. म्हणाला, "इचारलं नव्हतंस ना त्याला?"

"त्यांना न्हाई इचारलं," ती म्हणाली.

तेवढ्यावर तो समजला की कुणाला तरी विचारलं होतं. पुढं त्यानं काढलं नाही.

---

सकाळी केसरबाई झिऱ्याकडं निघाली तेव्हा उतरणीवर छबुबाई दिसली. तिनं पदर खोचला होता. फाडलेल्या पट्ट्या मातीतून उचलून ती फडक्यानं पुसत होती, परत बुंध्याला गुंडाळत होती, सुतळीनं आवळत होती. पट्ट्यांवर उरलेलं ग्रीस बोटांनी ओढून सारखं करत होती. केसरबाई घागर ठेवून तिच्याकडं जायला निघाली, तेवढ्यात घराकडून उत्तरेश्वर येताना दिसला. ती जागीच थांबली.

"काय करायलीस?" त्यानं बायकोला विचारलं.

"दिसतंय की."

"कुणाला इचारून?"

छबुबाईनं गाठ मारली, दातानं सुतळी तोडली आणि वळली. "जाऊबाईनं बी इचारूनच केलतं. मला इचारलतं. मुकादमाच्या फोनवर. मीच म्हणले करा. तुमाला सांगायचं माझ्या अंगावर व्हतं. दोन म्हयने झाले, मला तोंड उघडायचं धाडस झालं न्हाई. काल त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई, आन मी बी गप उभी ऱ्हायले."

उत्तरेश्वर दोन पावलं पुढं आला. त्याचे काळे पडलेले हात अजून तसेच होते. साबणानं निघाले नव्हते.

"मारायचं तर मारा," छबुबाई म्हणाली. "पर आधी एवढी रांग बांधू द्या. बगा, चढायल्यात."

त्यानं बघितलं. ज्या झाडांच्या पट्ट्या त्यानं ओढल्या होत्या, त्यांच्या बुंध्यावरून मुंग्यांची ओळ चढत होती. एका रात्रीत वाट पडली होती. शेजारच्या रांगेत, जिथं पट्ट्या शाबूत होत्या, तिथं एकही मुंगी वर नव्हती. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग तिथल्याच एका दगडावर बसला. छबुबाई पुढच्या झाडाकडं गेली. तो बसूनच राहिला. उठून घरी गेला नाही, तिला मदतही केली नाही. रांग बांधून झाल्यावर ती त्याच्यासमोरून घराकडं गेली, तेव्हा तो तिच्यामागं निघाला.

मोजणीचा विषय त्यानंतर निघाला नाही. पण बोलणंही सुरू झालं नाही. फरक एवढाच पडला की छबुबाई आता नवऱ्यासमोर केसरबाईला हाक मारू लागली.

---

चैत्र संपत आला. फांद्यांचे डोळे फुटायच्या आत एकदा परत फवारायचं असं राधाकिशननं सांगितलं होतं. पाळीचा पंप आला. झिरा आणखी खोल गेला होता, केसरबाई त्यात उतरली की वरून नुसतं डोकं दिसायचं. तिनं पंप भरला, पट्ट्यांत हात घातले आणि उठायच्या आधीच मागून कुणीतरी पंप उचलला.

"सोडा वैनी," उत्तरेश्वर म्हणाला.

तिनं पट्टे सोडले. त्यानं पंप पाठीवर घेतला आणि फवारत निघाला. आपल्या बागेतून त्यानं सुरुवात केली. गहिनीनाथ वर बांधापाशी बसून सुतळी वळत होता. आता तो काठीच्या आधारानं बराच वेळ उभा राहू शकत होता, जरा वाकतही होता.

खालच्या कोपऱ्यातल्या झाडापाशी उत्तरेश्वर थांबला. बाकी सगळ्या झाडांच्या फांद्यांवर बारीक हिरवट टोकं दिसायला लागली होती. त्या झाडावर काहीच नव्हतं. पण त्याच्या आळ्यातली माती ओली होती. आजूबाजूला भेगा पडलेल्या आणि मधे हाताएवढी काळी ओल.

"वैनी, ह्याला पाणी घातलंय का?"

"न्हाई बाई. कुठलं पाणी?"

शेजारच्या रांगेत पट्ट्या आवळणाऱ्या छबुबाईनंही मान हलवली. मग केसरबाईला एकदम काहीतरी उमगलं. गहिनीनाथ रोज सकाळी तांब्या घेऊन, काठी टेकत परसाकडं म्हणून उतरणीच्या खाली जायचा. एवढ्या लांब कशाला जाताव, जवळ जागा न्हाई का, असं तिनं विचारलंही होतं. कमर मोकळी व्हती, असं तो म्हणायचा. तिनं वर बांधाकडं पाहिलं. गहिनीनाथ सुतळी वळायची थांबला होता.

"तांब्याभरच घालतो," तो वरून म्हणाला. कुणाशी बोलतोय ते त्याच्या नजरेवरून कळत नव्हतं. "साल खरवडताना माझ्याच हातनं खुरपं खोल गेलतं. तवापसून ते वाळायलंय. तांब्यानं काय व्हणार म्हणा."

"रोज?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"शिमग्याच्या आधीपसून."

शिमग्याच्या आधीपासून, म्हणजे पट्ट्या फाडल्या त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळीही तो आला असणार. उत्तरेश्वरनं पंप खाली ठेवला. फांदीची साल नखानं खरवडली. आत कोरडं होतं. बुंध्याची खरवडली. कोरडंच. मग तो गुडघ्यावर बसला, आळ्यातली ओली माती हातानं बाजूला केली आणि मुळाच्या वर, मातीत गाडलेल्या भागावर नख मारलं. तिथं हिरवं होतं. ओलसर, कोवळं हिरवं.

तो तसाच वाकून बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "बुडाला जितं हाय, दादा."

गहिनीनाथानं सुतळी परत वळायला घेतली. "मंग त्याचं पाणी तोडू नको."

उत्तरेश्वरनं माती परत सारखी केली. पंप उचलला आणि आपली बाग संपवून, बांध चढून, वरच्या बागेत फवारायला लागला.

---

मृगाचा पाऊस उशिरा आला, पण आला. फळं बारीकच धरली. आश्विनात फळांचे डोळे उघडले तेव्हा दोघा भावांच्या बागेतून क्रेट निघाल्या. फळं लहान होती, पण हिरवीगार, स्वच्छ. फाडलेल्या पट्ट्यांच्या रांगेत मात्र बऱ्याच फळांवर पांढरं पीठ होतं. ती फळं उत्तरेश्वरनं स्वतः वेगळी काढली. सोसायटीच्या क्रेटमध्ये एकही जाऊ दिलं नाही. राधाकिशननं विचारलं, "हे कसं काय एवढ्याच रांगेला?"

"माझ्या हातची हायेत," उत्तरेश्वर म्हणाला आणि पाटी उचलून बाजूला नेली. राधाकिशनला त्यातून काही कळलं नाही. गहिनीनाथ क्रेटवर कागद पसरत राहिला. सोसायटीच्या टेम्पोत उतरणीचं बाकी सगळं फळ चढलं.

दिवाळी झाली आणि फाट्यावर ट्रॅक्टर लागले. गहिनीनाथाला आता कोयता झेपणार नव्हता. तो आणि केसरबाई गावातच राहणार होते. उत्तरेश्वर आणि छबुबाईची गाठोडी ट्रॉलीत चढली. पोरं, म्हातारी माणसं, शेरडं, सगळी वस्ती फाट्यावर होती. त्रिंबकही दुसऱ्या ट्रॉलीत बसला होता. केसरबाईनं छबूच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. गहिनीनाथ काठी टेकून जरा लांब उभा होता. भाऊ बोलत होते आता, पण कामापुरतं.

ट्रॅक्टर सुरू झाला. धूर उठला. उत्तरेश्वर ट्रॉलीच्या कडेला धरून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "दादा! पानं झडली की पंपाची पाळी लवकर लावून घ्या. आपली बाग तुमच्यावर हाय."

ट्रॅक्टरच्या आवाजात आपण बरोबर ऐकलं का, ते केसरबाईला कळेना. माझी म्हणाला की आपली? विचारायला म्हणून ती वळली. गहिनीनाथानं हात वर केला होता आणि ट्रॉली वळणाआड गेली तरी तो खाली घेतला नव्हता.